चहात कालवायची पुडी

प्रश्न : आम्ही सातपूरला राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. आठ-नऊ वर्षं रोज पितात, आता तर सकाळीच हात थरथरतात म्हणून ड्युटीला जायच्या आधी थोडी लागतेच. दर वर्षी गटारी झाली की श्रावणात एकदम बंद करतात. मागच्या वेळी तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायला लागले, दरदरून घाम, मला ओळखेनात. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं आहे, अंगारा लावला, शेवटी दिरांनी क्वार्टर आणून पाजली तेव्हा शांत झाले. हल्ली म्हणतात क्वार्टर सोडली, रात्री फक्त वाईनची बाटली घेतो, आपल्या नाशिकच्या द्राक्षांची, तिने काय होतंय. शेजारच्या काकूंनी चहात कालवायची पुडी दिलीय, त्यांना कळणार पण नाही म्हणे. देऊ का? की या श्रावणात घरात कोंडूनच ठेवू?
– एक वाचक भगिनी, सातपूर

उत्तर : ताई, पुडी देऊ नका आणि कोंडून तर अजिबात ठेवू नका.

मागच्या श्रावणात झालं ते बाहेरचं नव्हतं हो. रोज दारू पडली की मेंदू सुस्तावतो, मग तो वर्षानुवर्षं उलटा जोर लावून काम करायला शिकतो, आणि दारू एकदम काढून घेतली की तो जोर तसाच उरतो. 6 ते 12 तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ओळख न पटणं. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात माणूस दगावतो. एकदा झालं की पुढच्या वेळी परत व्हायचा धोका जास्त, म्हणून मला तुमच्या घराची खरंच काळजी वाटतेय.

पुडीत काय आहे ते काकूंनाही माहीत नसणार. बऱ्याचदा डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असतं. ते डॉक्टरही देतात, पण पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, कारण त्यावर दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं, हृदयाचा त्रास असेल तर जीवावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावर पण दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. आणि एकदा का त्यांना कळलं, की ते तुमच्या हातचा चहा घेणार नाहीत, मग दवाखान्यात तुमच्याबरोबर येतील का?

वाईनचं म्हणाल तर हिशोब करा. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 60 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल, 750 मिली वाईनच्या बाटलीत 70 ग्रॅमच्या वर. द्राक्षं आपली असली तरी लिव्हरला ती दारूच.

मग करायचं काय, तर श्रावणाची वाट न बघता सिव्हिलला किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. भरती करून साधारण आठवडाभर औषधं देतात आणि ती हळूहळू कमी करतात, त्याने थरथर आणि फिट आटोक्यात राहते. सोबत बी-1 व्हिटॅमिनची इंजेक्शनं, आणि हे महत्त्वाचं आहे, ती ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी लागतात, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसती बाटली लावून घेऊ नका. खरी लढाई त्यानंतर सुरू होते. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या, समुपदेशन, दारू सोडणाऱ्यांच्याच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या मीटिंग, घरच्यांसाठी तसाच अल-ॲनॉन गट. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय. माळ घालायची म्हणत असतील तर आनंदाने घालू दे, फक्त आधी हे उपचार होऊ देत. परत पिणं सुरू झालं तरी लाज न बाळगता पुन्हा घेऊन जा, हा आजार असाच उलटतो.

आज कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 वर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, फुकट, रात्री पण. आणि डॉक्टरांना दाखवेपर्यंत घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, हे लिहिताना मलाही जड जातंय. तरी मध्येच फिट आली किंवा परत मुंग्या दिसायला लागल्या तर अंगारा नको, 108 ला फोन करा आणि शेवटचं कधी प्यायले ते डॉक्टरांना सांगा.