मॅडमना १०पैकी ४.२

प्रश्न: माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी मुख्य विषय निवडायचा आहे आणि तिला बायोकेमिस्ट्री हवं आहे. तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिका फार कडक आहेत असं कानावर आल्याने मी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या १५ मुलामुलींना फोन केले आणि प्रत्येकाकडून मॅडमसाठी १०पैकी गुण घेतले. सरासरी ४.२ आली. तक्ता सोबत जोडला आहे. 'नोट्स देत नाहीत', 'फार भरभर शिकवतात', 'पेपर पुस्तकाबाहेरचा', 'कधी हसत नाहीत', 'उत्तरपत्रिका उशिरा देतात', 'पोर्शन संपत नाही', 'शंका विचारली की सगळ्यांसमोर अपमान करतात' अशी मतं आहेत. मुलीला अंतर्गत परीक्षेत २०पैकी ११ मिळाले. तिच्या उत्तरपत्रिकेची प्रतही पाठवतो आहे. तिने मायक्रोबायोलॉजी घ्यावं की विद्यापीठच बदलावं? आम्ही काही पालक मिळून विभागप्रमुखांकडे तक्रारीचं पत्रही देणार आहोत.
ता. क. तिला मॅडमचे तास आवडतात असं ती म्हणते, पण तिला अजून जग कळत नाही.

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ताज्या कलमापाशी अडखळलो. एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणणं तेवढंच आहे, आणि तेही त्याच ओळीत तुम्ही खोडून टाकलंत. मला काळजी वाटते ती या ओळीची. ११ गुणांची तितकीशी वाटत नाही.

मुलीचं नुकसान होऊ नये म्हणून १५ ठिकाणी फोन फिरवणाऱ्या बापाची तळमळ मला कळते. पण क्षणभर तिच्या जागी बसून बघा. वरच्या वर्गातल्या मुलांना बाबांचे फोन जातायत हे तिला कळलेलं असणारच, कॉलेजात अशी गोष्ट लपत नाही. उद्या ती शंका विचारायला उभी राहिली की चार माना तिच्याकडे वळतील. त्यात तक्रारीचं पत्र गेलं तर पदवी संपेपर्यंत 'ती पत्रवाल्यांची मुलगी' ही ओळख तिला पुरेल. तुम्हाला तिला सांभाळायचं आहे आणि प्रत्यक्षात तुम्ही तिला तिच्याच वर्गात एकटं पाडताय. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी 'मला हा तास आवडतो' म्हणते तेव्हा 'का गं, काय आवडतं?' एवढं विचारायला काहीच लागत नाही. ते विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही.

आता तुमचा तक्ता. १५ जणांपैकी एकाने १० आणि एकीने ९ गुण दिलेत. त्या दोन्ही ओळींपुढे तुम्ही पेन्सिलीने 'अपवाद' लिहिलंय. माझ्या मते अख्ख्या तक्त्यात विचारण्यासारखं काही असेल तर ते तिथे होतं. बाकी तेरा जणांना जे जमलं नाही ते या दोघांना कशामुळे जमलं? ते तास संपल्यावर थांबायचे का, गणितं पुन्हा सोडवायचे का, की त्यांचा पायाच पक्का होता? हे कळलं असतं तर तुमच्या मुलीला उपयोगी पडलं असतं. सरासरी काढली आणि ते दोघंही तिच्यात विरघळून गेले.

तक्त्यापेक्षा मला उत्तरपत्रिकेने जास्त सांगितलं. दुसरा प्रश्न बघा, ८ गुणांचा. एक आलेख दिलाय: आडव्या अक्षावर १ भागिले सब्स्ट्रेटचं प्रमाण (सब्स्ट्रेट म्हणजे एन्झाइम, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारं प्रथिन, ज्या पदार्थावर काम करतं तो), उभ्या अक्षावर १ भागिले अभिक्रियेचा वेग. त्यात दोन रेषा आहेत, एक नुसत्या एन्झाइमची आणि दुसरी त्यात एक पदार्थ मिसळल्यानंतरची. दोन्ही रेषा उभ्या अक्षावर एकाच बिंदूत मिळतात. हा पदार्थ एन्झाइमला कसा अडवतो आणि ते कशावरून, असा प्रश्न आहे. तुमच्या मुलीने एन्झाइम रोखण्याच्या तिन्ही प्रकारांच्या व्याख्या दीड पानभर लिहिल्यात. अक्षर सुरेख, खाली पट्टीने रेघा, व्याख्या बिनचूक. आलेखाला मात्र हातही लावलेला नाही. ८पैकी २. आणि समासात लाल शाईने मॅडमनी लिहिलंय: 'रेषा कुठे मिळतात? मग कमाल वेगाचं काय झालं?'

हा समासातला प्रश्न मी बराच वेळ बघत बसलो. उत्तर त्यातच आहे. रेषा उभ्या अक्षावर एकत्र येतात, म्हणजे कमाल वेग बदललेला नाही. सब्स्ट्रेट पुरेसं वाढवलं की तो आगंतुक पदार्थ बाजूला ढकलला जातो, याचा अर्थ दोघंही एन्झाइममधल्या एकाच जागेसाठी भांडतायत. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली औषधं अशीच काम करतात, मूळ पदार्थाची जागा अडवून बसतात. नवं औषध शोधणाऱ्यांनाही असे आलेख वाचता यावे लागतात. तेव्हा पेपर 'पुस्तकाबाहेरचा' होता असं मी म्हणणार नाही. पुस्तकातलंच विचारलं होतं, फक्त पाठ केलेलं वापरून दाखवायला सांगितलं होतं. आणि ज्या बाई गुण कापून मोकळ्या न होता पोरीला पुढचं पाऊल सुचेल असा प्रश्न समासात लिहितात (तुमच्या प्रतीत असे तीन प्रश्न आहेत), त्यांनी ती उत्तरपत्रिका वाचलीय. इतकं मन लावून तपासलेले पेपर मला फार क्वचित दिसतात.

आता एका गैरसमजाबद्दल, कारण तुमच्या तक्त्याचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. विद्यार्थ्यांना ज्यांचं शिकवणं छान वाटतं त्यांच्याकडे ते जास्त शिकतात, असं तुम्ही धरून चाललात. २०१९ साली हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला अनुभवी प्राध्यापकाचं रेखीव व्याख्यान आणि दुसऱ्याला तोच मजकूर, पण गणितं स्वतः झटापट करून सोडवायला लावून. चाचणीत दुसरा गट पुढे होता. 'आपण किती शिकलो' असं विचारल्यावर मात्र व्याख्यान ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं! डोक्याला ताण पडला की माणसाला वाटतं, आपल्याला काही कळत नाहीये. २०१० साली अमेरिकेच्या हवाईदल अकादमीतला अभ्यास प्रसिद्ध झाला, तो याहून बोलका आहे. तिथे कोणत्या विद्यार्थ्याला कोणता प्राध्यापक मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. ज्यांच्या वर्गाला त्या सत्रात चांगले गुण पडले त्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांनी चांगलं म्हटलं, पण तेच विद्यार्थी पुढच्या वरच्या अभ्यासक्रमांत मागे पडले. म्हणून मुलांची मतं कचऱ्यात टाका असं मी म्हणत नाही. फळा दिसतो का, आवाज पोचतो का, मॅडम तासाला येतात का, हे मुलांइतकं कोणालाच ठाऊक नसतं. शिकलो किती, हे मात्र त्यांना त्या वेळी सांगता येत नाही.

'कधी हसत नाहीत' हे मत तर काढूनच टाका. पुरुष प्राध्यापकाबद्दल कोणी ते तुम्हाला सांगितलं असतं का? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका लहानशा प्रयोगात ऑनलाइन शिकवणाऱ्या एका पुरुषाने आणि एका बाईने काही गटांपुरती नावांची अदलाबदल केली. काम तपासून सगळ्यांना एकाच वेळी परत दिलं होतं, तरी शिकवणारा पुरुष आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांनी 'वेळेवर देतो' यासाठी जास्त गुण दिले. तुमच्या यादीत 'उत्तरपत्रिका उशिरा देतात' आहे. ते खरंही असेल, पण किती दिवस उशिरा, आणि इतरांपेक्षा उशिरा का, हे विचारल्याशिवाय त्याला तक्रार म्हणता येत नाही.

दोन मतं मात्र मी बाजूला काढून ठेवलीत. पोर्शन संपत नसेल तर ती खरी अडचण आहे, आणि ती तपासता येते. अभ्यासक्रम आणि मुलीची वही शेजारी ठेवा, अर्ध्या तासात कळेल. दुसरं, सगळ्यांसमोर अपमान. हे एकाच मुलाने सांगितलंय, तरी मी ते हसण्यावारी नेणार नाही. वर्गात मुलांना घालून पाडून बोलणारा शिक्षक कितीही विद्वान असला तरी चुकतोच. मुलीला विचारा, शांतपणे, उत्तर काय यावं हे आधी न ठरवता. तिने तसं काही पाहिलं असेल तर वर्गातल्या मुलांनी मिळून, घटना आणि तारीख लिहून विभागप्रमुखांकडे जावं. पालकांचं सह्यांचं पत्र यातलं काहीच करत नाही. ऐकीव गोष्टींवर एका बाईंची नोकरी अडचणीत आणतं. ते देऊ नका.

मायक्रोबायोलॉजी मुलीला मनापासून हवं असेल तर जरूर घ्यावं. मॅडमना टाळण्यासाठी घेतलं तर एन्झाइम तिथेही समोर येणारच आहेत, आणि पुढे जॅम, गेट, नेट या पदवीनंतरच्या परीक्षांतही आलेख वाचायला लागतोच. विद्यापीठ बदलण्याचा विषय तर मनातूनच काढा.

तिला एवढंच सांगा की ती उत्तरपत्रिका घेऊन, समासातल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं स्वतः लिहून, मॅडमना भेट. एकटी जा. तुम्ही फाटकापर्यंतही जाऊ नका. घरी आल्यावर ती आपणहून काही बोलली तर ऐका, नाही बोलली तर खोदून विचारू नका. त्या भेटीनंतर 'मला हा विषय नको' असं ती म्हणाली तर तेही मान्य करा, आणि 'हवा' म्हणाली तरी तितकंच. विषयाच्या अर्जावर सही तिची असते, निवडही तिलाच करू द्या.

आणि तो तक्ता तुम्ही तिला अजून दाखवला नसेल, तर दाखवू नका. मॅडमसमोर बसल्यावर तिच्या डोक्यात ४.२ हा आकडा नको.