फोमचं विमान बनवताना: कटर, ग्लू आणि टेप

प्रश्न: फोम शीटचं आरसी (रिमोट कंट्रोलवर उडणारं) विमान बनवतोय. कापताना कडा फाटतात, दाणे निघतात, आणि सुपरग्लू लावला की फोम चक्क विरघळतो. कोणती टूल्स घ्यावीत?

उत्तर: कडा फाटतात म्हणजे बहुतेक वेळा ब्लेड बोथट झालेलं असतं. तुकडे मोडता येणारा स्नॅप-ऑफ कटर घ्या आणि टोक मोडायला अजिबात कंजूषी करू नका, फोम ब्लेडची धार फार लवकर खातो. स्टीलची पट्टी धरून ब्लेड बाजूला न कलवता कापण्याच्या दिशेने तिरपं ठेवायचं आणि एकाच दमात आरपार न कापता २-३ हलक्या फेऱ्या मारायच्या, कड मस्त गुळगुळीत येते. जाड ठोकळ्यातून पंख काढायचा असेल तर मात्र नायक्रोमची (विजेवर तापणाऱ्या मिश्रधातूची) गरम तारच हवी, पण खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर खरंच वाईट असतो.

ग्लूचं म्हणाल तर साधा सुपरग्लू थर्माकोल आणि डेप्रॉन (थर्माकोलच्याच जातीची, जास्त घट्ट फोम शीट) दोन्ही खातो, ईपीपीला (लवचिक, सहज न मोडणारा फोम) काही होत नाही. थर्माकोलला फोम-सेफ ग्लू किंवा इपॉक्सी वापरा. हॉट ग्लू चालतो, पण लो टेम्परेचरची गन घ्या आणि आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर लावून बघाच.

माझी सगळ्यात आवडती वस्तू विचाराल तर पॅकिंग टेप! एलेव्हेटर, रडर या शेपटीवरच्या हलणाऱ्या भागांची बिजागरी त्याचीच करा, फक्त आधी हलणाऱ्या भागाची कड ४५ अंशात तासून घ्या नाहीतर तो एका बाजूला वळतच नाही.