एन दोन असेल तर एल दोन का चालत नाही?

प्रश्न: सर, मी नाशिकरोडला राहते, अकरावी सायन्सला आहे. क्वांटम नंबर म्हणजे इलेक्ट्रॉनचा पत्ता असं क्लासमध्ये शिकवलं, एन म्हणजे बिल्डिंग, एल म्हणजे मजला वगैरे. पण मग एन 2 असताना एल फक्त 0 आणि 1 च का, 2 का नाही? सगळे म्हणतात पाठ कर, पण पटत नाही.

उत्तर: पटत नाही तेच बरोबर आहे गं, कारण पत्त्याच्या उदाहरणात याचं उत्तरच नाहीये. इलेक्ट्रॉन खोलीत राहायला आलेला भाडेकरू नाही, अणूत तो लाटेसारखा वागतो, आणि लाट म्हटलं की नाशिककरांना सांगायला ढोल आहेच. गणपतीच्या आधी एखाद्या पथकाचा ढोल आडवा ठेवून पानावर थोडा रवा भुरभुर, आणि जवळ स्पीकरवर एकच सूर वाजत ठेव. सूर नीट जुळला की रवा थरथरत सरकतो आणि काही रेषांवर गोळा होतो, तिथे पान हलतच नाही. कधी रेषा मधोमध आडवी, कधी गोल. त्या न हलणाऱ्या जागेला नोड म्हणतात.

हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनच्या लाटेतही असे नोड असतात, फक्त ती लाट तिन्ही दिशांना पसरलेली म्हणून रेषेऐवजी पृष्ठभाग. एकूण नोड असतात एन वजा 1, आणि त्यातले केंद्रातून जाणारे किती, तो आकडा म्हणजे एल. एन 2 असेल तर एकूण नोडच एक, मग केंद्रातून जाणारे दोन आणणार कुठून? एल 0 असेल तर एस, 1 असेल तर पी, 2 असेल तर डी म्हणतात, आणि त्याआधी एनचा आकडा लिहितात. म्हणून 2डी नसतं, 1पी पण नसतं.

तिसरा नंबर एम म्हणजे तो आकार कुठल्या दिशेला वळलाय ते, पीला असे तीन प्रकार, डीला पाच.

चौथा नंबर स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगचाच छोट्या चुंबकासारखा गुण, मात्र या लाटेच्या आकारातून निघत नाही, ते वेगळंच आहे. 1922 मध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला तर त्याचे सरळ दोन भाग झाले, मधे काही नाही, आणि त्याचं कारण स्पिन हे नंतर कळलं, 1925 मध्ये उलेनबेक आणि गौडस्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडल्यावर. त्याच वर्षी पाउलीने सांगितलं की एका अणूत दोन इलेक्ट्रॉनचे चारही नंबर सारखे असूच शकत नाहीत, आणि स्पिन दोनच प्रकारचं, म्हणून एका ऑर्बिटलमध्ये, म्हणजे एन, एल, एम ठरलेल्या एका लाटेत, दोनच इलेक्ट्रॉन.

आता वहीत 3पी घे आणि एकूण नोड किती, केंद्रातून जाणारे किती, उरलेला गोल किती, ते पुस्तक न उघडता मोजून बघ.