‘इरावती’ या नावाचा नेमका अर्थ काय? मुलीसाठी जुनाट वाटेल का?

माझंच नाव इरावती, त्यामुळे उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

तुम्हाला कुठे ‘नदी’ असा अर्थ सापडला, कुठे ‘वीज’. वीज सोडून द्या. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, विजेच्या नावांत आहे ती ‘ऐरावती’. एक मात्रा जास्त झाली की असा घोटाळा होतो. (माझ्या जन्मदाखल्यावरही आधी ‘ऐरावती’च लिहिलं होतं. दुरुस्तीसाठी बाबांनी किती खेटे घातले, ते अजून ऐकवतात.)

गुणवती, रूपवती तशीच इरावती, म्हणजे जिच्यापाशी ‘इरा’ आहे ती. इरा म्हणजे पाणी, पेय, पोषण करणारा रस. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात ‘इरावती धेनुमती’ असं येतं, पण तिथे ते कुणाचं नाव नाही. द्यावापृथ्वींना, म्हणजे आकाश आणि पृथ्वीला, लावलेलं विशेषण आहे: अन्नपाण्याने भरलेल्या, गाईगुरांनी संपन्न. मला विचाराल तर नावाचा खरा अर्थ हाच. नदीला ते नंतर मिळालं. वेदांतली परुष्णी पुढे इरावती झाली आणि बोलता बोलता ‘इ’ गळून रावी उरली. ब्रह्मदेशातली इरावती निराळी, नाव मात्र याच कुळातलं. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि त्या नदीवरूनच त्यांचं नाव ठेवलं गेलं. मराठी माणसाला हे नाव ओळखीचं आहे ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

पुराणातली हवी असेल तर भागवतात परीक्षिताची बायको, जनमेजयाची आई इरावती आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तली इरावती मात्र मद्य पिऊन रंगमंचावर येते आणि राजावर कमरपट्टा उगारते! गंमत म्हणजे अमरकोशात इरेचे भूमी, वाणी आणि पाणी यांच्या जोडीला मद्य असाही अर्थ दिलाय.

जुनाट म्हणाल तर लहानपणी मलाही वाटायचं. वर्गात दुसरी इरावती कधी भेटली नाही, आजही क्वचितच भेटते. नुसतं ‘इरा’ मात्र हल्ली बरंच कानावर येतं, आणि घरी तुमच्या मुलीचंही तेच होणार. तेवढं चालणार असेल तर खुशाल ठेवा.

फक्त इंग्रजीत ‘व’साठी डब्ल्यू की व्ही, हे दाखला काढण्याआधी ठरवा. कर्वेबाई डब्ल्यू लिहीत. माझ्या पासपोर्टवर डब्ल्यू आहे, बँकेत व्ही, आणि दोन्हीकडे मी एकच आहे असं प्रतिज्ञापत्र कायम फाइलमध्ये असतं.