साताऱ्याच्या परिसरात डायनासोरचे जीवाश्म सापडतील का, आणि ट्रायसेराटॉप्सचा खरा जीवाश्म कसा ओळखावा?

आपल्या मुलीला ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या, शाकाहारी डायनासोरचे वेड आहे, म्हणून साताऱ्याच्या डोंगरांत जीवाश्म शोधता येतील का, आणि न आल्यास विकतचा तुकडा खरा कसा ओळखावा, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ नकारार्थी आहे. अजिंक्यताऱ्यापासून सज्जनगडापर्यंत दिसणारा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेला लाव्हा असून त्यात हाडे टिकण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. मी साताऱ्यात भूशास्त्र शिकवतो; दगडखाणीतून 'हाड' म्हणून विद्यार्थी जे घेऊन येतात, ते बहुधा लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत साचलेले झिओलाइट हे पांढरट खनिज असते. प्रवाहाच्या तळाशी या पोकळ्या नळीसारख्या उभ्या असतात आणि त्या भरल्या की पांढरी, बोटभर लांबीची कांडी तयार होते, त्यामुळे मुलांची फसगत होणे साहजिकच आहे.

महाराष्ट्रात डायनासोरची हाडे मिळाली आहेत ती विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी. परंतु ती प्रामुख्याने लांब मानेच्या, अवाढव्य शाकाहारी टायटॅनोसॉरांची आहेत. गुजरातमधील रहियोली येथील हाडांवरून २००३ मध्ये ज्याचे नामकरण झाले, त्या राजासॉरसच्या कपाळावर लहानसे शिंग होते खरे, पण तो मांसाहारी होता आणि ट्रायसेराटॉप्सच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. ते कूळ मुख्यतः आशिया आणि उत्तर अमेरिकेत वाढले. भारत तेव्हा आशियाला जोडलेलाही नव्हता. ट्रायसेराटॉप्सचे अवशेष अमेरिकेतील मोंटाना, वायोमिंग, डकोटा या भागांत मिळतात. १८८७ मध्ये डेन्व्हरजवळ मिळालेली त्याची शिंगे ओथनिएल मार्श या नामवंत शास्त्रज्ञाला प्रथम एका प्रचंड बायसनची वाटली होती. 'ट्रायसेराटॉप्स' हे नाव त्याने १८८९ मध्ये दिले. सुट्या शिंगावरून मार्शसुद्धा चकला, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

माझे स्पष्ट मत असे की, आपण शिंगाच्या मागे न लागता झिजून गळलेला एखादा दात घ्यावा. या प्राण्यांच्या जबड्यात शेकडो दात थरांनी रचलेले असत, वरचा झिजला की खालचा वर येई, आणि गळलेले दात नदीच्या गाळात पुरले जात. त्यामुळे ते तुलनेने स्वस्त मिळतात आणि त्यांची नक्कल करण्यात फारसा फायदाही नसतो. असा दात नखाएवढा असतो, मूळ उरलेले नसते, एका बाजूला मधोमध उभा कंगोरा दिसतो आणि झिजेचा पृष्ठभाग जवळजवळ उभा असतो. तो हातात घेतला की हा प्राणी गुरांसारखा रवंथ करणारा नसून अडकित्त्याप्रमाणे चारा कातरणारा होता, हे मुलीला पुस्तकाशिवाय कळेल. मात्र एकट्या दातावरून ट्रायसेराटॉप्स आणि त्याच भागातला त्याचा शिंगवाला नातेवाईक टोरोसॉरस यांत फरक करता येत नाही. त्यामुळे प्रामाणिक विक्रेता 'सेराटॉप्सिड' (या शिंगवाल्या कुळाचे नाव) एवढेच लिहील, आणि अशा विक्रेत्यावर माझा अधिक विश्वास बसेल.

खरेपणा तपासण्यासाठी दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. रेझिनच्या (साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या) नकलेत बारीक बुडबुडे किंवा साच्याच्या सांध्याची रेघ दिसते. खऱ्या हाडाच्या तुटलेल्या कडेला सच्छिद्र, जाळीदार रचना दिसते. शंका उरल्यास न दिसणाऱ्या जागी तापवलेली सुई टेकवावी. रेझिन वितळून प्लॅस्टिकचा वास येतो. खरा तुकडाही जोडकामाने 'पूर्ण' केलेला असू शकतो, म्हणून गुळगुळीत, एकसारख्या रंगाचे भाग विशेष न्याहाळावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो कोणत्या राज्यातून, कोणत्या खडकथरातून आणि कोणाच्या जमिनीतून निघाला, हे लेखी मागून घ्यावे. अमेरिकेत खाजगी जमिनीवरील जीवाश्म मालकाच्या संमतीने विकता येतात, सरकारी जमिनीवरील डायनासोरचे नाहीत. मंगोलियातून जीवाश्म बाहेर नेण्यास बंदी आहे, तेव्हा तिकडचा प्रोटोसेराटॉप्स (ट्रायसेराटॉप्सचा लहान नातेवाईक) कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.