पायाखालचे पाणी आणि सकाळी अडणारी गाडी

प्रश्न : मी नागपुरात राहतो आणि माझी संत्र्याची बाग काटोलजवळ आहे. जाण्या-येण्यासाठी सुमारे वीस वर्षे जुनी डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह गाडी वापरतो. गेल्या पावसाळ्यापासून पुढच्या डाव्या सीटसमोर, पायाखाली पाणी साचते. गॅरेजमध्ये समोरच्या काचेचे रबर बदलून कडेने सिलिकॉन भरून घेतले, तरी पाणी येतच राहिले. त्याच सुमारास सकाळी सेल्फ नीट फिरेनासा झाला. नवी बॅटरी बसवली, ती महिनाभर चांगली चालली आणि पुन्हा तीच तक्रार सुरू झाली. हे दोन दोष वेगळे आहेत की एकच?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आपल्या गाडीत हे दोन्ही दोष एकाच ठिकाणी उगम पावले असण्याची शक्यता बरीच आहे. मात्र त्याची खात्री करून घेण्याआधी आणखी एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

प्रथम पाणी कोणते आहे ते ठरवावे. पावसाचे पाणी स्वच्छ किंवा मातकट असते आणि ते सरी येऊन गेल्यावरच दिसते. उन्हाळ्यातही एसी चालवल्यानंतर डाव्या बाजूला ओल दिसत असेल, तर एसीच्या पाण्याची निचरा-नळी धुळीने बुजली आहे असे समजावे. ती खालून बारीक तारेने किंवा हवेने मोकळी करणे हे दहा मिनिटांचे काम आहे. पाण्याला रंग असेल, बोटांना चिकटपणा लागत असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे.

पाणी पावसाचेच ठरले, तरी ते जिथे साचते तिथूनच आत आले असे मानू नये. पत्र्याच्या जोडावरून किंवा वायरिंगच्या जुडग्यावरून पाणी हातभर वाहत जाते आणि सर्वांत खोलगट जागी टपकते. काचेचे रबर बदलूनही आपला प्रश्न सुटला नाही, त्याचे कारण बहुधा हेच असावे. माझा संशय प्रथम वायपरखालच्या जाळीवर जातो. त्या जाळीखाली पाणी वाहून नेणारी पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना निचऱ्याची छिद्रे असतात. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल, तर पानगळीचा पाला आणि उन्हाळ्यातली धूळ मिळून तिथे घट्ट लगदा होतो, पन्हळ भरते आणि पाणी पंख्याच्या हवेच्या तोंडातून किंवा वायरिंगच्या रबरी बुचाजवळून थेट आत उतरते. दुसरा संशय दरवाजाच्या आतल्या आवरणामागच्या प्लास्टिकच्या पडद्यावर घ्यावा. दरवाजाच्या काचेवरून पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणे हे नेहमीचेच आहे. ते खालच्या छिद्रांतून बाहेर पडावे आणि आत येऊ नये यासाठी तो पडदा असतो. स्पीकर बसवताना तो फाडला जातो आणि पुन्हा कोणी चिकटवत नाही.

तपासणीसाठी गालिचा पूर्ण काढावा, पत्रा कोरडा करावा आणि संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे व दुसऱ्याने बागेच्या नळीने हलकी धार सोडावी. सुरुवात खालून करावी: आधी दरवाजाचा तळ, मग बिजागऱ्या, मग वायपरखालची जाळी, मग काचेची चौकट आणि शेवटी छतावरील कॅरिअरचे बोल्ट. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली, तर पाणी सगळीकडेच ओघळते आणि काहीच सिद्ध होत नाही. वॉशिंग सेंटरमधील दाबाची धार यासाठी निरुपयोगी आहे, कारण ती चांगल्या रबरातूनही आत शिरते. दरवाजाचे रबर तपासायचे असेल, तर कागदाची पट्टी मध्ये ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. जिथे ती सहज निघते तिथे रबराची पकड गेली आहे. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात रबर कडक होऊन आक्रसते, म्हणून अशा तक्रारी मृगाच्या पहिल्या सरींबरोबरच येतात. सिलिकॉनचा थर वरून चोपडण्याची पद्धत मात्र मला मुळीच पसंत नाही. त्याखाली पाणी अडकून राहते आणि काचेची चौकट आतून गंजते. मग डेंटरकडे पत्रा कापून घेण्यावाचून इलाज उरत नाही.

आता स्टार्टिंगकडे वळू. डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली अनेक गाड्यांत फ्यूज, रिले किंवा वायरिंगचे जोड आणि अर्थिंगचे बोल्ट असतात. ओलाव्यामुळे तेथील पितळी टोकांवर हिरवट थर चढतो, रिले चिकटतो आणि गाडी बंद असतानाही थोडा थोडा प्रवाह रात्रभर वाहत राहतो. नवी बॅटरी महिनाभर तग धरते आणि मग उतरते, हा अनुभव त्याच्याशी तंतोतंत जुळतो. साध्या मल्टिमीटरने याचा छडा लावता येतो. इंजिन, दिवे आणि सर्व उपकरणे बंद करून, चावी काढून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरच्या टप्प्यावर लावावा. अशा जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज जाईल. दारे बंद ठेवून अर्ध्या तासाने आकडा पाहावा. तो 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो, त्या मार्गावर दोष आहे.

हा आकडा योग्य आला, तर दाब मोजावा. रात्रभर विसावलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब 12.6 व्होल्टच्या आसपास असतो आणि इंजिन चालू असताना तो 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवा. सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फ जास्त प्रवाह खेचतो आहे. तो साडेदहाच्या वर टिकूनही सेल्फ रडतखडत फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नये. तेव्हा मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारावा. तिथे 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे. पॉझिटिव्ह केबलसाठी बॅटरीपासून सेल्फपर्यंत अर्ध्या व्होल्टची मर्यादा धरावी. केबल स्वच्छ करण्याचा खर्च सँडपेपरच्या तुकड्याएवढा असतो. गॅरेजमध्ये हे मोजमाप सहसा होत नाही आणि ग्राहकाच्या माथी बॅटरी किंवा सेल्फ मारला जातो.

प्रश्न : माझ्याकडे प्यूजो इंजिनची जुनी महिंद्रा जीप आहे. हिवाळ्यात सकाळी सेल्फ बराच वेळ फिरवल्यावर गाडी सुरू होते आणि काही मिनिटे पांढरा धूर येतो. रेडिएटरमध्येही आठवड्याला पाणी घालावे लागते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. इंजिनचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडावे लागेल का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : कदाचित लागेल, परंतु लगेच नाही. हे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शन पद्धतीचे आहे. त्यात डिझेल आधी एका लहान कोठडीत पेटते आणि थंड धातू ती उष्णता पटकन शोषून घेतो, म्हणून ती कोठडी आधी तापवणारे हीटर प्लग निकामी असले की डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ते हटकून त्रास देते. धूर डोळ्यांना झोंबत असेल आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर प्लग तपासावेत. प्लगची जोडपट्टी काढून बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे एकेका प्लगला लावावे. दिवा लागला नाही तर तो प्लग मेलेला आहे. प्लग चांगले असूनही गाडी क्षणभर सुरू होऊन बंद पडत असेल, तर डिझेलच्या मार्गात हवा शिरते आहे. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

धूर गोडसर वासाचा असेल, तर हेड गॅस्केटवर किंवा हेडवर संशय घ्यावा. इंजिन थंड असताना रेडिएटरला प्रेशर पंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. वॉटर पंपाच्या तळच्या छिद्रातून किंवा नळीच्या क्लिपखालून होणारी गळती गरम इंजिनवर वाळून जाते, म्हणून ती खाली टपकताना दिसत नाही. दाबाखाली मात्र ती उघड होते. दाब उतरला आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. अशा वेळी सेल्फ मारताच इंजिन मध्येच अडकले, तर दुसऱ्यांदा मारू नये. पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी हीटर प्लग काढून पाणी बाहेर पडू द्यावे. तपासणी होईपर्यंत नुसते नळाचे पाणी न घालता कूलंट व डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घालावे आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

प्रश्न : नाला ओलांडल्यानंतर माझ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या डिफरन्शियलचे (दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीचे) तेल चहासारखे दुधाळ झाले. ऑइल सील बदलावेत का?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : आधी ब्रीदर, म्हणजे डिफरन्शियलची हवा ये-जा करण्याचे छोटे तोंड, पाहावा. तापलेले डिफरन्शियल पाण्यात बुडताच आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर बुजलेला असेल, तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ब्रीदर साफ करून त्याला नळी जोडावी आणि ती बोनेटखाली उंच न्यावी. तेल लगेच बदलावे, थोडे चालवून पुन्हा पाहावे आणि तरीही ते दुधाळ दिसले तरच सीलला हात लावावा. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी गिअरची पेटी) व मागच्या डिफरन्शियलचे तेलही त्याच दिवशी तपासावे.