पॉर्न-सेक्सची सवय खूप प्रयत्न करूनही सुटत नाहीये, नक्की कुणाकडे जाऊ? घरी कळेल का?

सरळ सायकॅट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा, भिंतीवर 'गुप्तरोग' रंगवलेलं असतं तिकडे प्लीज जाऊ नका. कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, हे इम्पल्स कंट्रोलच्या आजारांत धरलंय, म्हणजे ब्रेक लागत नाही हा त्रास. थेरपीत कुणी लाज काढत नाही हो, बऱ्याचदा वही लिहायला लावतात, किती वाजता झालं, कुठे होतात, त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय चाललं होतं, भांडण की एकटेपणा की नुसता कंटाळा, आणि मग त्या दहा मिनिटांवरच काम होतं. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) गोळ्या चालू असतील किंवा बायपोलर, म्हणजे मूड टोकाला जाण्याचा आजार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, त्यानेही असं होऊ शकतं. घरच्यांचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, काही अपवाद सोडले तर, गुप्तता तुमचा हक्क आहे. आधी फोनवरच बोलायचं असेल तर टेली-मानस १४४१६, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. फक्त एक, नुसतं 'हे पाप आहे' वाटतं म्हणून आजार ठरत नाही, साधारण सहा महिने थांबवून थांबत नसेल आणि नोकरी-संसार बिघडायला लागला असेल तर मात्र वेळ घालवू नका.